संघपती

"सर, कपाट उघडू नका," विसूअण्णा आत येता येताच म्हणाला. "मी काही मागायला आलेलो नाही."

दुपारचे तीन वाजले होते. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. माझी बायको पद्मा माजघरात पापड लाटत होती. शहराचा महापौर लाल दिव्याची गाडी सोडून कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसून मागच्या बोळानं माझ्या घरी आला, आणि तोंड उघडलं ते कपाटाचं नाव काढायला. एवढ्यावरच मी ओळखायला हवं होतं. ओळखलंही. पण मी "बस" म्हणालो.

त्या कपाटात एक पाकीट होतं, आणि त्या पाकिटात विसूअण्णाचा राजीनामा. सही त्याची, तारीख कोरी.

बाहेरच्या माणसाला हे चमत्कारिक वाटेल, पण आमच्या शहरात नगरपालिका होती तेव्हापासूनची ही रीत. एका खुर्चीला दोघे दावेदार असले की मुदत निम्मीनिम्मी वाटायची. शब्दावर कुणाचा भरवसा नसतो, म्हणून आधी बसणाऱ्याकडून त्याच दिवशी राजीनामा लिहून घ्यायचा आणि तो तिऱ्हाइताकडे ठेवायचा. मुदत भरली की तिऱ्हाइतानं तारीख घालून कागद नगरसचिवांकडे द्यायचा. आमच्याकडे प्रत्येक खुर्चीचा राजीनामा तिच्यावर बसायच्या आधीच लिहिलेला असे.

त्या वेळी दावेदार दोन होते. एक विश्वनाथ मुसळे, म्हणजे विसूअण्णा. कोष्टी गल्लीतला, बापाच्या चार मागांचे यानं चाळीस केलेले, बोलण्यात तरबेज. दुसरा ज्ञानदेव काशीद. त्याला सगळे ज्ञानू परीट म्हणत. नदीवेशीत त्याचं इस्त्रीचं दुकान होतं. चार वेळा निवडून आलेला, पण पुढाऱ्यांच्या खादीला खळ घालणारा माणूस म्हणूनच ओळखला जाणारा. अडीच वर्षांच्या मुदतीत पहिले पंधरा महिने अण्णाचे, पुढचे पंधरा ज्ञानूचे, असं ठरलं. पाकीट कुणाकडे ठेवायचं, यावर मात्र दोघेही एकाच दमात म्हणाले, "मगदूम सरांकडं."

मी पक्षाचा गटनेता होतो, पण तेवढ्यासाठी नव्हे. बत्तीस वर्षं शाळेत काढली होती, त्यातली अकरा मुख्याध्यापक म्हणून. मगदूम सर खोटं बोलत नाहीत अशी माझी ख्याती होती. मलाही ती आवडायची. म्हणून मी खरोखरच बोलत नसे.

"पाच मार्चला पंधरा महिने भरतात," मी म्हणालो.

"पाठ आहे मला."

"ज्ञानू कालच येऊन गेला. बायकोनं माहेरी कळवून ठेवलंय म्हणे. सगळे यायचेत."

अण्णा हसला. "येऊ देत की. सर, मुंबईचा निरोप आलाय. लोकसभेला आपल्या मतदारसंघातनं तीन नावं गेलीत. एक कारखान्याचा चेअरमन, एक माजी आमदार, आणि तिसरं माझं. त्या दोघांकडं माणसं आहेत, गाड्या आहेत. माझ्याकडं काय आहे? महापौर. तेवढंच माझं भांडवल. पाच तारखेला राजीनामा झाला की सहा तारखेला मी कोण? माजी! माजीला कोण तिकीट देतंय?"

"मग ज्ञानूकडे जा. दोन महिने मागून घे."

"मागितले तर तो देईल."

"मग अडलंय कुठं?"

अण्णानं आधी माजघराकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "सर, मागून घेतलं की उपकार होतो. उद्या मी दिल्लीत बसणार आणि हितं चौकात परीट सांगत फिरणार, की अण्णाला खासदार मी केला. आयुष्यभर ऐकून घेऊ?"

हे त्यानं अगदी सहज सांगितलं. माझ्यासमोर सांगायला त्याला संकोच वाटला नाही, याचा मला तेव्हा राग यायला हवा होता. आज येतो. आज येऊन काय उपयोग?

"पाकीट मी देणार नाही," मी म्हणालो. "आणि फाडणारही नाही."

"म्हणून तर म्हटलं, कपाट उघडू नका." त्यानं खुर्ची पुढे ओढली. "मी दुसऱ्याच कामाला आलोय. बस्तीच्या पंचांशी बोलणं झालंय माझं. दोन बसगाड्या, नव्वद श्रावक. राजगीर, पावापुरी, सम्मेदशिखरजी. तीन तारखेला निघायचं, चोवीसला परत. सगळी व्यवस्था माझ्याकडं. आता संघपती कोण, यावर पंचांत चार दिवस घोळ चाललाय. मी म्हटलं, भांडता कशाला? मगदूम सर."

माजघरातलं लाटणं थांबलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. बस्ती म्हणजे आमचं जैन मंदिर. आम्हा जैनांत शिखरजीची यात्रा आयुष्यात एकदा तरी घडावी म्हणून माणसं झुरतात, आणि संघ घेऊन जाणारा तो संघपती. मग तो मान त्याच्या नावाला कायमचा चिकटतो. लग्नपत्रिकेत छापतात, मेल्यावर बातमीत छापतात. माझे वडील शिखरजी शिखरजी करत गेले. पद्माची पाठ धरलेली, तिचं वय साठीला आलेलं. आणि मी? गावाला भूगोल शिकवला, पण स्वतः नागपूरच्या पलीकडे गेलो नव्हतो.

"आणि पाच तारखेचं काय?" मी विचारलं.

"पाच तारीख पाच तारखेला येईल. पाकीट कपाटात, किल्ली तुमच्या कमरेला. नऊ-दहा तारखेला आचारसंहिता लागतेय अशी आतली बातमी आहे. एकदा ती लागली की महासभा नाही, राजीनामा नाही, काही नाही. निवडणूक झाली की मी आपण होऊन खुर्ची सोडतो. मग बसू दे की ज्ञानूला. थोडं उशिरा बसेल, एवढंच." तो थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, "तुम्हाला एक अक्षर खोटं बोलावं लागणार नाही, सर. त्याचा विचार करूनच आलोय."

त्यानं माझी नस बरोबर पकडली होती. त्याला त्याच क्षणी घराबाहेर काढायला हवं होतं. मी काय विचारलं, ते आजही जसंच्या तसं आठवतं.

"बसगाड्या चांगल्या आहेत ना? हिच्या पाठीला हादरे सोसत नाहीत."

कोल्हा काकडीला राजी म्हणतात, ते काही खोटं नाही.

*

तीन तारखेला सकाळी बस्तीपुढे मांडव घातला होता. बसगाड्यांना झेंडूच्या माळा, दोन्ही बाजूंना कापडी फलक, आणि फलकावर भगवंतांच्या चित्राशेजारी तेवढ्याच मोठ्या आकाराचा अण्णाचा हसरा फोटो. माझ्या डोक्याला पंचांनी फेटा बांधला. ज्यांनी कधी मला वाट दिली नव्हती अशा सावकार लोकांनी माझ्या पायाला हात लावला. पद्मा नवी साडी नेसून खिडकीशी बसली होती, आणि तिचा चेहरा पाहून मला वाटलं, यात वाईट काय आहे?

तेवढ्यात गर्दीतून ज्ञानू आला. हातात गुलाबाचा हार. पांढरा सदरा नेहमीसारखा कडक इस्त्रीचा, पण हात मनगटापर्यंत लालसर आणि सालपटं निघालेले. नदीत रंगाच्या कारखान्यांचं पाणी यायचं आणि घाटावर कपडे धुणाऱ्या सगळ्याच परटांचे हात तसे झाले होते. त्यासाठीच त्याला खुर्ची हवी होती. घाटावर वेगळी पाण्याची टाकी बांधायचा त्याचा विषय सात वर्षं पटलावर लोंबकळत होता. महापौर झाल्यावर पहिल्या सभेत पहिला विषय तोच घ्यायचा, असं त्यानं मला दहादा सांगितलं होतं. "मला गाडी नको, बंगला नको सर. त्या एका कागदावर माझी सही असली म्हंजे झालं."

त्यानं माझ्या गळ्यात हार घातला. "लई चांगलं झालं बगा, सर. तुमच्या हातनं घडायला पायजे हुतं."

"तुझ्या शुभेच्छा," मी म्हणालो.

"पाकीट कुणाकडं ठिवलंय?"

"कपाटात आहे. सुरक्षित आहे."

"आन् किल्ली?"

"माझ्याजवळ."

त्यानं मान हलवली. थोडा वेळ तो फलकाकडे बघत राहिला. वाचता येईल एवढ्याच अंतरावर होता तो. मग म्हणाला, "चोवीसला येणार न्हवं?"

"चोवीसला."

"मग पाच तारखेला..."

"आल्यावर बघू, ज्ञानू," मी म्हणालो.

यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. त्यानं वाकून पाया पडायला हात खाली नेला. मी त्याला वर उठवायला हवं होतं, पण फेटा सैल झाला होता म्हणून माझा एक हात डोक्यावर होता. अण्णानं नारळ फोडला आणि गाडी सुटली.

पाच तारखेला आम्ही जबलपूरच्या पुढे एका धाब्यावर जेवत होतो. लोक विचारत होते, सरांना जेवण जात नाही का? दहाव्या दिवशी शिखरजीच्या पायथ्याला मधुबनात पोचलो. पहाटे डोंगर चढायला घेतला. पद्मा डोलीत, मी पायी. प्रत्येक टोंकेवर, म्हणजे तीर्थंकरांच्या पादुकांच्या देवळीपाशी, संघपती म्हणून मला पुढे करत, पहिलं अर्घ्य मला वाहायला लावत. वीस तीर्थंकर जिथून मोक्षाला गेले त्या डोंगरावर मी उभा होतो आणि मनात एकच विचार होता, आचारसंहिता लागली का? खाली उतरल्यावर अंघोळीच्या आधी मी एसटीडी बूथवर गेलो. लागली होती. ती लागल्यावर तिसऱ्या दिवशीच अण्णाचं तिकीटही जाहीर झालं होतं.

पद्मा त्या रात्री म्हणाली, "जन्माचं सार्थक झालं." मी हो म्हणालो. ते काय ते एक खोटं त्या यात्रेत बोललो असेन.

*

पुढचं सगळं पेपरात आलं. अण्णा त्रेचाळीस हजारांनी निवडून आला. जूनमध्ये त्यानं दिलेल्या शब्दाप्रमाणे खरंच महापौरपद सोडलं, त्यासाठी माझ्या पाकिटाची गरजच पडली नाही. मुदतीचे बारा महिने उरले होते. ज्ञानूनं अर्ज लिहून तयार ठेवला होता. आदल्या दिवशी मुंबईहून नाव आलं ते अण्णाच्या चुलतभावाचं. पक्षादेश काढायचं काम गटनेत्याचं असतं. मी काढला. माझ्या सहीचा कागद प्रत्येक नगरसेवकाच्या घरी गेला, ज्ञानूच्याही गेला.

सभागृहात हात वर करून मतदान झालं. ज्ञानूनंही त्या चुलतभावासाठी हात वर केला. कोपरापर्यंत बाही खाली घसरली आणि तो सालपटलेला हात सगळ्यांना दिसला. मोजणी होईपर्यंत त्यानं तो खाली घेतला नाही. टाकीचा विषय पुढेही लोंबकळतच राहिला.

मला वाटलं होतं तो येईल, भांडेल, शिव्या देईल. मी उत्तरं तयार करून ठेवली होती. तो आला नाही. उलट चौकात कुणी माझं नाव काढलं की तोच पुढे होऊन भांडायचा. "सर गावात असते तर असं झालं न्हसतं. त्यास्नी कुणी तरी फशिवलं. धर्माच्या कामाला गेल्याला माणूस त्यो, त्याला काय ठावं?" हे माझ्या कानावर यायचं. माझं नाव स्वच्छ राहिलं होतं आणि ते धुऊन देणारा ज्ञानूच होता. मी ते धुऊ दिलं. पाच वर्षं.

पाच वर्षांनी अण्णा दुसऱ्यांदा निवडून आला आणि या खेपेला केंद्रात राज्यमंत्री झाला. ऑगस्टमध्ये नाट्यगृहात त्याचा नागरी सत्कार झाला. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. कार्डावर माझ्या नावापुढं 'संघपती' छापलं होतं.

अण्णा बोलायला उभा राहिला. दिल्लीनं त्याचं मराठी जरा जड केलं होतं, पण घरच्या माणसांत आल्यावर तो मोकळा झाला.

"लोक मला विचारतात," तो म्हणाला, "अण्णा, नगरसेवकाचा मंत्री कसा झालास? आज गुपित फोडतो. माझ्या राजीनाम्याचं पाकीट होतं मगदूम सरांच्या कपाटात. पाच तारखेला ते बाहेर पडलं असतं तर मी आज मागावर बसलो असतो. मी सरांना गाठलं. म्हटलं, सर, यात्रा करून या. आणि हा देवमाणूस! किल्ली कमरेला लावून थेट शिखरजीला! आचारसंहिता लागेपर्यंत परतलाच नाही!"

सभागृह खो खो हसलं. पाठीमागून कुणीतरी शिट्टी मारली.

"हसू नका," अण्णा हसतच म्हणाला. "असा गुरू पाठीशी असला तर दिल्ली लांब नाही. सर, वर या."

मला वाटतं त्याच्या मनात काहीही वाईट नव्हतं. खरोखरच तो माझे आभार मानत होता. ज्ञानू परटाचे उपकार नको होते त्याला, माझे चालत होते. मी उठलो. बसून राहता आलं असतं, पाय दुखतोय म्हणता आलं असतं. पण मी पायऱ्या चढून वर गेलो, त्यानं माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, आणि फोटोसाठी मी त्याच्याशेजारी उभा राहिलो. टाळ्या बऱ्याच वेळ चालल्या होत्या.

*

ज्ञानू बाहेर पोर्चमध्ये खांबाला टेकून उभा होता. केस सगळे पांढरे झालेले. मला बघून तो पुढं आला.

"ज्ञानू, मी तुला सांगणारच होतो..."

"ऱ्हाऊ द्या, सर. मला ठावं हुतं."

"कधीपासून?"

"गाडी सुटली तवापासनं." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "यात्रेला जाणारा माणूस शेजाऱ्याला किल्ली देऊन जातो, घराकडं ध्यान ठेव म्हणून. तुमी किल्ली शिखरजीला न्हेली. आन् फलकावर फोटू कुणाचा हुता? मी परीट हाय, आंधळा न्हाई."

मी नारळ दुसऱ्या हातात घेतला. "मग पाच वर्षं चौकात माझी बाजू का घेतलीस?"

"तुमची कुठं घेतली?" तो म्हणाला. "आमच्या शालनसाठी घेतली. तुमच्या हाताखाली शिकली, तुमच्याच शाळेत मास्तरीण झाली. घरात सकाळ-संध्याकाळ आमचे सर असं म्हणायचे, आमचे सर तसं म्हणायचे. तिला काय सांगायचं? म्हटलं, माझी खुर्ची गेली ती गेली. पोरीचा मास्तर तरी ऱ्हाऊ दे."

आतून माणसं बाहेर पडायला लागली होती. एकदोघांनी "काय संघपती!" म्हणून माझ्या पाठीवर थाप मारली.

"ती आलीय का?" मी विचारलं.

"तिसऱ्या रांगेत हुती."

शालन तोपर्यंत स्कूटर घेऊन पोर्चपाशी आली होती. ज्ञानूनं तिला हाक मारली. "सरांस्नी घरापतूर सोडून ये. मी चालत जातो."

"नको, मी रिक्षानं..." मी म्हणालो.

"बसा," ज्ञानू म्हणाला.

मी तिच्या मागे बसलो. नारळ मांडीवर धरला होता, शाल वाऱ्यानं उडायला लागली म्हणून गुंडाळून काखेत घेतली. ही मुलगी आठवीत असताना परीक्षेत शेजारणीला उत्तर दाखवलं म्हणून मी तिला सगळ्या वर्गापुढं उभं केलं होतं. दाखवणारा आणि बघणारा दोघे सारखेच चोर, असं मी तेव्हा म्हणालो होतो. तिनं ते मनावर घेतलं होतं, आणि मोठी झाल्यावर एकदा माझ्याच षष्ट्यब्दीत सगळ्यांना सांगितलंही होतं.

घरापाशी मी उतरलो. शिक्षकदिन पंधरा दिवसांवर आला होता. दरवर्षी शाळेत त्या दिवशी मुलांपुढे मीच बोलायचो आणि दरवर्षी शालनच न्यायला यायची.

"शिक्षकदिनाचं मी मुख्याध्यापकांना कळवते," ती गाडी बंद न करता म्हणाली. "सरांची तब्येत बरी नाही म्हणून सांगेन. तुम्हाला काही बोलावं लागणार नाही."

"माझी तब्येत चांगली आहे, शालन."

"मला माहीत आहे," ती म्हणाली, आणि तिनं गाडी वळवली.